विठू ज्या वाटेने बेदरला गेला

आजी ‘बीदर’ कधी म्हणाली नाही. ती ‘बेदर’ म्हणायची, शेवटचा ‘र’ किंचित लांबवून. तिच्या बोलण्यात बेदरं दोन होती. एक कचेरीचं. तिचं माहेर निलंग्याजवळचं. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. शेताच्या बांधावरून कज्जा लागला की तिचे वडील भाकरी बांधून घेऊन बेदरला तारखेला जायचे. दुसरं बेदर दामाजीपंतांच्या गोष्टीतलं, जिथे बादशहा राहायचा. लहानपणी मला ही दोन वेगळी गावं वाटायची.

दामाजीपंतांची गोष्ट बहुतेक मराठी घरांत ठाऊक असते. तरी सांगते, कारण आजी ती कशी सांगायची ते मला सांगायचं आहे. मंगळवेढ्याला दामाजीपंत बहामनी बादशहाचे अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसं झाडपाला ओरबाडून खाऊ लागली. पंतांच्या ताब्यात बादशाही धान्याची कोठारं होती, ती त्यांनी उघडली आणि लोकांना म्हणाले, न्या. बेदरला चुगली गेली. पंतांना धरून आणायला शिपाई सुटले. इकडे विठोबाने विठू महाराचं रूप घेतलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला लहानशी पिशवी. तो चालत बेदरला गेला, दरबारात उभा राहिला, पिशवी उपडी केली आणि त्यातून मोहरा पडतच राहिल्या. सगळ्या धान्याची किंमत चुकती झाली.

इथे आजी थांबायची. मग म्हणायची, “अन् पावती घेतल्याबगर हलला न्हाई.”

पुढे ती पावती पंतांना वाटेत त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडते, बादशहा त्या विठूला पुन्हा बघायला कासावीस होतो, हे सगळं ती भराभर उरकायची. तिचा जीव पावतीत होता. तिच्या वडिलांनी सावकाराचे पैसे फेडले होते, पण कागद घेतला नव्हता. तारखांवर तारखा होऊन शेवटी रान गेलं. देवालासुद्धा बेदरच्या कचेरीतून पावती घ्यावी लागते, हे ती आम्हाला अगदी गंभीरपणे शिकवायची.

आजी जाऊन पंधरा वर्षं झाली. बाबा आता शहात्तर वर्षांचे. मागच्या डिसेंबरात एकदा जेवताना ते म्हणाले, “मंगळवेढ्यापासून बेदरपर्यंत ती वाट एकदा करायची राहिली.” संक्रांत झाली आणि आम्ही दोघं निघालो. गाडी मी चालवणार, ते शेजारी बसणार.

मंगळवेढ्याला सकाळी पोचलो. बाहेर सगळीकडे काळी जमीन आणि कणसात आलेली ज्वारी, डोक्याइतकी उंच. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सोलापूर जिल्ह्यात कुणाला त्या कागदाची गरज नव्हती. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, हे आधीपासूनच ठरलेलं. दामाजींच्या देवळात दर्शन घेतलं. बाहेर एका दुकानातून बाबांनी दोन किलो मालदांडी ज्वारी घेतली. दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. मला वाटलं, घरी न्यायला घेतली असेल.

मंगळवेढ्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. संत चोखामेळा याच गावचे. १३३८ साली इथल्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि कामावरची माणसं तिच्याखाली गाडली गेली. त्यांत चोखोबा होते. ज्या गावकुसाच्या आत राहायची त्यांना मुभा नव्हती, ते गावकूस त्यांच्याकडून बांधून घेतलं जात होतं. नामदेवांनी येऊन अस्थी शोधल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, अशी कथा आहे. त्या पंढरपूरला महाद्वारासमोर ठेवल्या. त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच गावच्या गोष्टीत देव महाराचं रूप घेऊन बेदरच्या तटाकडे निघतो. आजीने या दोन गोष्टी कधी एकत्र सांगितल्या नाहीत. पण मला आता त्या वेगळ्या करता येत नाहीत. ज्या लोकांनी विठूची गोष्ट रचली त्यांना चोखोबांची भिंत आठवत असणार, असं मला मनापासून वाटतं.

सोलापूर मागे टाकून हैदराबादचा रस्ता धरला. नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकाची हद्द, हुमनाबादला डावीकडे वळण. मंगळवेढ्यापासून सगळे मिळून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गाडीतून काहीच नाही, पण पिशवी कमरेला लावून चालायचं म्हणजे किती दिवस, याचा हिशेब बाबा वाटेतल्या प्रत्येक मैलाच्या दगडापाशी करत होते.

बीदर जवळ आलं तशी काळी माती सुटली आणि रस्त्याच्या कडेला लाल दगड दिसू लागला. बाबा ताठ बसले. “हा तर जांभा!” नोकरीची चार वर्षं त्यांनी राजापुरात काढली होती, जांभा त्यांना कुठेही ओळखता येतो. बीदरचं पठार जांभ्याचंच आहे. याच दगडात खणून, याच दगडाने बांधून बहामनी सुलतान अहमदशाह वली याने इथे राजधानी उभी केली. गुलबर्ग्याहून त्याने गादी इथे हलवली आणि किल्ल्याचं काम १४३२ च्या सुमारास पुरं झालं. कोकणातली घरं आणि विहिरी ज्या दगडाच्या, त्याच दगडाचा एवढा थोरला तट देशावर उभा आहे, हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो.

शहराच्या तटाला पाच दरवाजे आहेत: शाहगंज, फतेह, मंगलपेठ, दुल्हन आणि तळघाट. आज दिसतो तो शहराचा तट बराचसा बहामनींनंतरच्या बरीदशाहीतला, १५५५ ते १५५८ मध्ये अली बरीदने उभारलेला. तट अजून उभा आहे, पण त्याला आत-बाहेर कळत नाही. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, पंक्चरची दुकानं, वाळत घातलेले कपडे. आम्ही शाहगंज दरवाजाने आत शिरलो. समोरून ऊसाची ट्रॉली येत होती, तिला वाट द्यायला मी गाडी कमानीच्या आधी थांबवली. बाबा खाली उतरले आणि कमानीच्या दगडाला हात लावून उभे राहिले.

“मंगळवेढ्याहून येणारा माणूस पश्चिमेकडूनच येणार,” ते म्हणाले. शाहगंज दरवाजा पश्चिमेला आहे. हा तट विठूच्या गोष्टीनंतरचा, हे त्यांनाही माहीत होतं. मी बोलले नाही. मागून रिक्षावाल्याने भोंगा वाजवला आणि आम्ही आत गेलो.

शहराच्या मधोमध चौबारा आहे. ७१ फूट उंच, गोल, दंडगोलासारखा मनोरा, पूर्वीच्या टेहळणीचा. चारही दिशांचे रस्ते त्याच्या पायाशी येऊन मिळतात. तिथून किल्ल्याकडे जाताना एकदम निळा रंग दिसतो आणि पाय थांबतात. तो महमूद गावानचा मदरसा.

इथे आम्ही किल्ल्यापेक्षा जास्त वेळ बसलो. गावान मूळचा इराणातल्या गिलान प्रांतातला. व्यापारी म्हणून समुद्राने आला तो आपल्या दाभोळला उतरला आणि बीदरला येऊन पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. कोकणातला खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, त्याने घेतला, १४७२ मध्ये गोवा घेतलं आणि त्याच सुमारास हा तीन मजली मदरसा बांधून पुरा केला. इथे तीन हजार ग्रंथ होते असं सांगतात. शिकवायला लांबून लांबून विद्वान येत. दर्शनी भिंत पूर्वी सगळी रंगीत फरशांनी मढवलेली होती. आता जिथे जिथे त्या शिल्लक आहेत तिथे गडद निळा, फिरोजी, पांढरा, मधूनच पिवळा, आणि त्यांतून वळत जाणारी अक्षरं. बाकी भिंत उघडी, मातकट. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला होता, १६९६ मध्ये त्याचा स्फोट झाला आणि जवळजवळ अर्धी इमारत व एक मिनार गेला. उरलेला मिनार शंभर फुटांहून उंच आहे. पुस्तकांच्या जागेत दारू ठेवणाऱ्यांचा मला राग आला, आणि सव्वातीनशे वर्षांनी राग येऊन काय उपयोग, असंही मला वाटलं नाही. आलाच पाहिजे.

गावानचा शेवट मी बाबांना तिथल्या पायरीवर बसून वाचून दाखवला. त्याच्या विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि वर राजद्रोहाचं पत्र लिहिलं. सुलतान दारूच्या अमलात होता, त्याने शिक्का पाहिला आणि हुकूम सोडला. ५ एप्रिल १४८१. गावान तेव्हा सत्तरीच्या आसपास होता. सुलतान नंतर पस्तावला आणि वर्षभरात तोही गेला. राज्य त्यानंतर सावरलं नाही. फुटून त्याच्या पाच शाह्या झाल्या.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आईला हे कुणी सांगितलं असतं तर तिने ही गोष्टसुद्धा सांगितली असती.” त्याच दरबारात एकाला शिक्क्याच्या कागदाने तारलं आणि एकाला मारलं.

गावानच्या हयातीतच, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे येऊन राहिला होता. चौलला उतरून, जुन्नरमार्गे बीदर. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, ते मी पूर्वी पाहिलं होतं. त्याने लिहून ठेवलंय की इथले सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात, बरोबर घोडे, मशाली, वाजंत्री. आणि गावाकडची माणसं मात्र उघडीवाघडी, फार हलाखीत. परक्या मुलखातून आलेल्या माणसाला पहिल्या फेरीत हे दिसलं. दामाजीपंतांची गोष्ट मला याच्या शेजारी ठेवून वाचावीशी वाटते. भरलेली कोठारं कुणाची आणि उपाशी कोण, हे दोघांच्याही नजरेतून सुटलेलं नाही.

किल्ला मोठा आहे, दिवस पुरत नाही. शरझा दरवाजावर कोरलेले दोन वाघ, त्याच्या आधी खडकात खोदलेला खंदक. एक नाही, तिहेरी, मधल्या खडकाच्या भिंती तशाच ठेवलेल्या. सोळखांबी मशीद, तख्त महाल, आणि रंगीन महालात काळ्या दगडात बसवलेले शिंपल्यांचे तुकडे, जे अंधारातही पाण्यासारखे हलतात. पायऱ्या चढून बाबांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा आम्ही सावलीत बसलो. पाण्याची बाटली काढली आणि विषय पाण्यावर गेला.

एवढ्या उंच पठारावर एवढी माणसं, घोडे, हत्ती पाणी कुठून पीत? उत्तर जमिनीखाली आहे. जांभा सच्छिद्र, पाऊस पिऊन घेतो. खाली बेसाल्टचा थर लागला की पाणी तिथेच अडतं. इराणातून आलेल्या जाणकारांनी हे ओळखलं आणि खडकाच्या पोटात किंचित उताराचे बोगदे खणले. पाणी स्वतःच्या वजनाने वाहत येतं, ना मोट, ना पंप. मध्ये मध्ये वरपर्यंत उभ्या विहिरी, हवा जायला, उतरून गाळ काढायला. त्याला कारेझ म्हणतात. नौबादची कारेझ दोन-तीन किलोमीटर लांबीची आहे. मधली कित्येक वर्षं ती कचऱ्याने बुजली होती, अलीकडे तिचा गाळ काढला गेला. या ऐतिहासिक शहराचं नाव २०१४ च्या जागतिक स्मारक निरीक्षण यादीत आलं, त्याचा काही उपयोग झाला असेल. आपल्याकडे औरंगाबादच्या नहरी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही युक्ती लगेच कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अष्टूरला गेलो, शहराच्या पूर्वेला तीनेक किलोमीटर. उघड्या माळावर बहामनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या. बहामनी सुलतान हुमायूनची कबर वीज पडून मधोमध उभी चिरली गेली आहे. अर्धा घुमट गेला, अर्धा हवेत तसाच. आम्ही गेलो ते अहमदशाह वलीसाठी. आत मिट्ट काळोख. तिथल्या राखणदाराने दारात एक आरसा धरला, उन्हाचा तुकडा आत फेकला आणि हळूहळू घुमटावर फिरवू लागला. उजेड जिथे जाई तिथे शेंदरी, सोनेरी, निळा रंग जागा होई आणि तो पुढे सरकला की पुन्हा अंधार. बाबा मान वर करून त्या कवडशामागे गोल फिरत राहिले. शेवटी मी त्यांचा दंड धरला, नाहीतर भोवळ येऊन पडले असते.

हा सुलतान मुसलमानांचा वली, म्हणजे संत, आणि लिंगायतांच्या लेखी त्यांच्याच संत अल्लमप्रभूंचा अवतार. उरुसाला गुलबर्ग्याकडच्या महागावचे जंगम शंख वाजवत येतात, कबरीवर फुलं वाहतात, नारळ फोडतात. राखणदाराला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, “शुरू सेच है.” आणि आरसा पुसून खिशात ठेवला.

परतताना बिदरीचं काम पाहायचं होतं. एका जुन्या गल्लीत, घराच्या पडवीत कारखाना. कारागीर बाबांच्याच वयाचे, त्यांची बहीण उदगीरला दिलेली, त्यामुळे मराठी चांगलं बोलत. जस्त सोळा भाग, तांबं एक भाग, हा त्यांचा मिश्रधातू. वाळूच्या साच्यात ओतून घेतलेली सुरई आधी नुसती राखाडी, कुणी पाहणार नाही अशी. तिच्यावर मोरचूद चोळून तात्पुरती काळी करतात, म्हणजे छिन्नीची रेघ उठून दिसते. मग रेघेत चांदीची तार बसवून हलक्या हातोडीने ठोकायची. घासून पुन्हा सगळं एकसारखं राखाडी. चांदी कुठे आणि जस्त कुठे, ओळखू येत नाही.

मग त्यांनी एक डबा उघडला. आत माती होती. लालसर, पिठासारखी. किल्ल्याच्या आतली, ज्या जागी वर्षानुवर्षं ना ऊन पोचलं ना पाऊस, तिथली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, क्षणभर डोळे मिटले आणि थुंकून टाकली. “जिभेला कळतं. खोटी माती असली तर रंग चढत नाही.” ती माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम केलं, तापवलेल्या सुरईवर लावलं. आम्ही पाहत असताना राखाडी धातू काळा होत गेला, रात्रीसारखा काळा, आणि त्यातून चांदीची वेल वर आली. तिला काही झालं नव्हतं. तेलाचा हात फिरवून त्यांनी सुरई बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, बाळ धरतात तशी.

सुरई परवडणारी नव्हती. आम्ही एक छोटी डबी घेतली, कुंकवाची. बाबांनी पावती मागितली. कारागिरांनी वही काढली, नीट अक्षरात लिहिली, शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली. बाबांनी ती घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग मला म्हणाले, “गाडीतली पिशवी आण गं.”

मी ज्वारी आणून दिली. त्यांनी पिशवी कारागिरांच्या पुढ्यात ठेवली.

“ही मंगळवेढ्याची. बेदरची आमच्याकडे होती. फार जुनी बाकी आहे.”

कारागिरांनी काही विचारलं नाही. त्यांना गोष्ट माहीत असावी, किंवा नसावीही. त्यांनी काळे झालेले हात फडक्याला पुसले, पिशवीत घालून मूठभर दाणे काढले, तळहातावर पसरले. एक दाणा उचलून जिभेवर ठेवला, दाताखाली फोडला आणि मघासारखेच डोळे मिटले.

“मालदांडी,” ते म्हणाले, आणि आत हाक मारून परात मागवली.